वोबलचा माग

१९२३ साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ‘बलून टायर’ बाजारात आणला आणि मोटारीत बसणाऱ्यांची हाडं वाचली. त्याआधीचे टायर अरुंद आणि टणक असत. त्यांत हवेचा दाब इतका ठेवावा लागे की रस्त्यावरचा खडान्‌खडा मणक्याला कळे. नवा टायर रुंद, गुबगुबीत होता आणि जवळपास निम्म्या दाबावर चालत होता. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. तोवर बहुतेक गाड्यांना ते फक्त मागच्या चाकांना असत. गाडी मऊ चालू लागली, लवकर थांबू लागली आणि मधूनच थरथरायलाही लागली.

ही थरथर साधी नव्हती. चांगल्या सरळ रस्त्यावर, एका ठरावीक वेगाला, पुढची दोन्ही चाकं डावीउजवीकडे हिसके देऊ लागत. स्टिअरिंग हातात ठरत नसे. वेग अगदी खाली आणल्याशिवाय प्रकार थांबत नसे, आणि पुन्हा निघावं तर मैलोन्‌मैल काहीच नाही. गॅरेजमध्ये नेली तर गाडीत काही सापडत नसे. अमेरिकन लोक या दुखण्याला ‘शिमी’ म्हणू लागले. आपल्याकडे गॅरेजमध्ये शिमी आणि तिच्या जातीच्या साऱ्या थरथरींना सरसकट ‘वोबल’ म्हणतात.

इंजिन कोणी शोधलं, पहिली मोटार कोणी चालवली, हे शाळेतली मुलंही सांगतील. चाकाच्या थरथरीचा माग ज्यांनी काढला, त्यांची नावं मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात. ती ठाऊक असायला हवीत. गेल्या शंभर वर्षांत मोटारीतल्या प्रत्येक सुधारणेने एक थरथर मिटवली आणि तिच्याआड दडलेली दुसरी उघडी पाडली. दर वेळी इंजिनिअरला आणि मेस्त्रीला नव्याने शिकावं लागलं ते एकच: गाडीला आणि गाडीवाल्याला नेमकं काय विचारायचं.

शिमीचं मूळ होतं पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये. त्या काळी पुढची दोन्ही चाकं एकाच सलग, जाड लोखंडी अ‍ॅक्सलच्या टोकांना असत. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होई. वेगात फिरणारं जड चाक असं कलतं केलं, की ते भोवऱ्याच्या नियमाने बाजूला वळू पाहतं. ते वळलं की टायर रस्त्याला आडवा घासतो, तो धक्का अ‍ॅक्सलला पुन्हा कलवतो, आणि एका हिसक्यातून दुसरा जन्माला येतो. जुन्या टणक टायरांत आणि हलक्या चाकांत ही साखळी सहसा जुळत नव्हती. ब्रेकच्या ड्रमने चाक जड केलं, बलून टायरने त्याला लवचीक गादी दिली, आणि साखळी जुळली. फ्रान्समध्ये ब्रूलिए आणि सांसो द लाव्हो यांनी १९२० च्या दशकातच या कोड्याचा अभ्यास मांडला. धावताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही, जरासा सरकत जातो, ही आज प्रत्येक टायर-इंजिनिअर पहिल्या वर्षी शिकतो ती गोष्ट तेव्हाच्या त्या धडपडीतून पुढे आली.

उपाय म्हणून काय काय झालं! कोणी स्टिअरिंगचे सांधे आवळले, कोणी पाटे कडक केले. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसच्या काही गाड्यांच्या पुढच्या बम्परच्या टोकांत स्प्रिंगवर वजनं बसवली गेली. चॅसिस हलू लागली की ही वजनं उलट हलून ती शांत करत. युक्ती हुशारीची होती, पण मूळ दुखणं तसंच होतं.

ते मुळातून काढण्याच्या कामात मॉरिस ऑली या इंजिनिअरचा वाटा मोठा. हा माणूस हेन्री रॉइसच्या हाताखाली तयार झालेला. १९३० मध्ये तो कॅडिलॅककडे आला आणि त्याने सलग अ‍ॅक्सलच मोडीत काढण्याचा आग्रह धरला. दोन चाकं एकाच दांड्याला बांधलेली असतील तोवर एकाची व्यथा दुसऱ्याला भोगावीच लागणार. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाकं स्वतंत्रपणे टांगली गेली. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला त्याची खबर नाही. लोक याला आरामाची सोय समजले. पण शिमीचा बंदोबस्त हेही तिच्यामागचं मोठं कारण होतं.

विमानांनाही हा आजार चुकला नाही. नाकाखाली चाक असलेली विमानं आली तशी धावपट्टीवर ते चाक वेडंवाकडं फडफडू लागलं. १९४५ मध्ये सोव्हिएत गणिती म्स्तिस्लाव केल्डिश यांनी त्यावर लिहिलेला प्रबंध या विषयातला पाया मानला जातो. पुढे सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे सैद्धांतिक धुरीण म्हणून जग ज्यांना ओळखू लागलं, तेच हे केल्डिश.

मोटारीत शिमी आटोक्यात आली, रस्ते सुधारले, वेग वाढले, आणि दुसरी थरथर वर आली. ही बारीक होती, पण चिवट. ती येई चाकाच्या जड बाजूमुळे.

फिरत्या वस्तूची जड बाजू शोधण्याची विद्या मोटारीच्या गॅरेजमध्ये जन्मली नाही. ती आली टर्बाइनच्या कारखान्यांतून. १९०७ मध्ये फ्रान्झ लावाचेक या जर्मन इंजिनिअरने बॅलन्सिंगचं यंत्र तयार केलं आणि पुढच्याच वर्षी डार्मस्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्याचे हक्क घेतले. टर्बाइन, डायनामो यांचे रोटर त्यावर तोलले जात. मोटारीच्या चाकापर्यंत ही विद्या पोचवली ती वेगळ्याच लोकांनी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंडच्या ‘बेअर’ कंपनीने अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची यंत्रं गावोगावच्या गॅरेजांत नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सेंट लुईचा ली हंटर या धंद्यात उतरला. त्याच्या यंत्राने चाक गाडीवरून न काढता, जागच्या जागीच तोलता येऊ लागलं.

त्या काळातलं गॅरेजमधलं दृश्य डोळ्यांसमोर आणण्याजोगं आहे. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललेलं. टायरवर खडूने एक खूण. सस्पेन्शनच्या खालच्या हाताला टेकवलेला एक संवेदक. विजेच्या मोटरवर फिरणारा रूळ टायरला टेकवला की चाक सुसाट फिरू लागे. जड बाजू खाली आली की सस्पेन्शन किंचित हादरे, आणि त्या क्षणी लखलखणारा दिवा पेटे. सेकंदाला बारा-तेरा वेळा पेटणाऱ्या त्या उजेडात धावतं चाक थिजल्यासारखं दिसे आणि खडूची खूण घड्याळाच्या काट्याप्रमाणे एका आकड्यावर उभी राही. फिटर तो आकडा लक्षात ठेवी, चाक थांबवी, हाताने फिरवून खूण त्याच आकड्यावर आणी आणि मग जागा ठरवून रिमच्या कडेला शिशाचं वजन ठोके. ब्रेकचा ड्रम, हब, टायर, रिम, सारं एकत्र तोललं जाई. पुढे चाक काढून मशिनवर चढवण्याची पद्धत रूढ झाली. ती सोपी आणि जलद आहे, पण तिच्यात ड्रम आणि हब तोलायचे राहून जातात, हे आजही कित्येक गॅरेजांत विसरलं जातं.

जरासं वजन, त्याने एवढं काय होतं, असं वाटेल. हिशेब करून पाहावा. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ९० किलोमीटर वेगाला सेकंदात सुमारे १३ फेऱ्या घेतं. १४ इंची रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम जास्त असतील, तर त्या वेगाला ते पावणेचार किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ओढण्याची दिशा सेकंदाला १३ वेळा पूर्ण फिरते. त्यात भर म्हणजे चाक, हब आणि सस्पेन्शन यांचं मिळून जे डोलणं असतं, त्याची स्वतःची लयही सेकंदाला दहा ते पंधराच्या घरातच असते. दोन्ही लयी जुळल्या की थरथर फुगते. म्हणूनच कित्येक गाड्या ऐंशीपर्यंत शांत असतात, नव्वदला स्टिअरिंग हलू लागतं आणि एकशेवीसला पुन्हा बरंच निवांत होतं. दोष त्या वेगालाही असतोच. फक्त लय पुढे निघून गेलेली असते.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार उशिरा कळली, कारण तो वेगच नव्हता.

चाक आणि त्याचा वाकडेपणा हा विषय इथे नवा मुळीच नव्हता. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात चाकाचा ‘आऊट काढणं’ ही गल्लोगल्लीची कारागिरी होती. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, काट्याजवळ अंगठ्याचं नख किंवा खडू धरायचा. रिम जिथे घासेल तिथल्या तारा ढिल्या, समोरच्या घट्ट. मोटारीच्या मेस्त्रींनी तीच नजर मोठ्या चाकावर वापरली. चाक उचला, ब्रेक मोकळा करा, हलकेच फिरवा आणि सोडून द्या. थांबताना तीन-चारदा तीच बाजू तळाशी आली तर ती जड. समोरच्या बाजूला वजन लावा. यंत्राशिवाय यापलीकडे जाता येत नव्हतं आणि साठ-सत्तरच्या वेगाला जावं लागतही नव्हतं.

त्या काळात इथली थरथर येई ती झिजेतून. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, पुढची चाकं स्वतंत्र टांगलेली होती, पण ती वळत किंगपिनवर, म्हणजे एका उभ्या खिळीवर. किंगपिनच्या बुशांना वेळेवर ग्रीस मिळालं नाही की प्ले, म्हणजे सैलपणा, येई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दिवसभर सिग्नल, वळणं, खड्डे यांतून फिरे, आणि टॅक्सीवाल्याला किंगपिन-बुशचा खर्च पेट्रोलच्या खर्चाइतकाच परिचयाचा होता. मेस्त्रीची परीक्षा साधी असे: जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली खेळलं तर किंगपिन किंवा बेअरिंग. आडवं खेळलं तर टाय रॉडचे सांधे. ब्रेक दाबून पुन्हा हलवलं आणि खेळ गेला, तर बेअरिंग.

जीपची गोष्ट आणखी बोलकी आहे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या जीपसोबत पुढचा सलग अ‍ॅक्सल आला. तो युद्धात, डोंगरात, चिखलात उत्तम होता. पण डेट्रॉइटने ज्या शिमीला १९३४ मध्ये निरोप दिला होता, तिला इथल्या तालुक्याच्या गावांत पुढची कित्येक वर्षं घर मिळालं. जीपच्या किंगपिनला बेअरिंग असत आणि ती किती घट्ट बसवायची हे पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, घालून ठरवायचं असे. नीट शिकलेला मेस्त्री टाय रॉड सोडवून स्टिअरिंगच्या हाताला स्प्रिंगचा काटा अडकवी आणि चाक वळायला किती ओढ लागते ते मोजी. ओढ कमी भरली तर एक शिम काढायचा. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी टायर बदलले, पाटे बदलले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, आणि जीप पुढच्या खड्ड्यानंतर पुन्हा डोकं हलवू लागली.

आणखी एक थरथर त्या पिढीला चांगली ठाऊक होती: सकाळची. नायलॉन दोऱ्याचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की जमिनीला टेकलेली बाजू किंचित चपटी राही. पहिले काही किलोमीटर गाडी धपधपत चाले. टायर तापला की गोल होई. गॅरेज उघडेपर्यंत दोष गायब झालेला असे. रेडियल टायर आले तशी ही तक्रार ओसरली. मिशलॅंने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्येच घेतलं होतं. आपल्याकडे जेकेने १९७७ मध्ये तो बनवायला घेतला आणि घरोघरी पोचायला आणखी काही वर्षं गेली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. हलकी गाडी, छोटी चाकं, पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ. किंगपिन गेले, बॉल जॉइंट आले. पण पुढच्या चाकांना ओढ द्यायची तर अ‍ॅक्सलमध्ये वळणारे सांधे हवेत, आणि ते झिजले की नवी थरथर: चढावर किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी थडथडते, पाय काढला की शांत. डिस्क ब्रेकने आणखी एक आणली. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, की ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरतं, आणि घाट उतरून ब्रेक तापल्यावर जास्त. दोन्हींत चाकाचा दोष नसतो. तरी लोक दोन्हींसाठी बॅलन्सिंगचे पैसे मोजतात.

मग २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी काँक्रीटचा रस्ता, ना बैलगाडी ना चौक. एका अखंड वेगाने तासभर गाडी चालवण्याचा अनुभव इथल्या हजारो लोकांनी तिथे प्रथम घेतला, आणि नेमक्या ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात. गावात कधी न हललेलं स्टिअरिंग तिथे हलू लागलं. टायरच्या दुकानांबाहेर ‘कॉम्प्युटराइज्ड व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट’ अशा पाट्या दिसू लागल्या त्या याच काळात मोठ्या संख्येने. दोन्ही कामं एका पाटीवर आल्याने ती एकच असल्याचा समजही पसरला. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरका झिजतो. नुसत्या अलाइनमेंटने थरथर क्वचितच जाते.

या साऱ्यांत सर्वांत छळणारी तक्रार म्हणजे येऊन-जाऊन होणारी थरथर. वेग तोच, रस्ता तोच, तरी एक मिनिट आहे, पुढचं मिनिट नाही. पुष्कळांना हा भास वाटतो आणि गाडीवाल्याला वेड्यात काढलं जातं. कारण साधं आणि सुंदर आहे. पुढच्या दोन्ही चाकांत थोडी-थोडी जड बाजू असते. एक टायर किंचित जास्त झिजलेला असला की त्याचा घेर थोडा कमी भरतो. घेरात फक्त २ मिलिमीटरचा फरक असला, तरी दोन चाकं हळूहळू एकमेकांच्या मागे-पुढे होत जातात आणि सुमारे पावणेदोन किलोमीटरवर पुन्हा जुळतात. नव्वदच्या वेगाला हा फेरा सव्वा मिनिटाच्या आसपास पूर्ण होतो. दोन्ही जड बाजू एकमेकींच्या उलट असतील तेव्हा एक चाक पुढे ओढतं, दुसरं मागे, आणि स्टिअरिंग हलतं. दोन्ही एकाच वेळी वर-खाली जात असतील तेव्हा स्टिअरिंग शांत राहतं आणि गाडीचं नाक थोडं नाचतं, जे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

रस्त्याचं वळणही तेच करतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. ४५ अंशांच्या एका वळणात हा फरक सव्वा मीटरच्या आतबाहेर, म्हणजे अर्ध्या फेरीहून थोडा जास्त भरतो. म्हणून खंडाळ्याच्या एका वळणानंतर थरथर थांबते आणि पुढच्या वळणानंतर सुरू होते. ज्या गाडीवाल्याने हे नेमकं सांगितलं, त्याने अर्धं निदान स्वतःच केलेलं असतं. त्याचं ऐकून घेण्याइतका वेळ गॅरेजने काढायला हवा.

पावसाळ्याची एक खास तक्रार आहे. चिखलातून गेलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल साचून वाळतो आणि पक्क्या रस्त्याला लागताच स्टिअरिंग थरथरतं. पाण्याच्या जोराने धुतलं की गेलं. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरसाठी ओतलेलं द्रव गाडी उभी असताना तळाशी साचतं आणि निघाल्यावर काही अंतर त्रास देतं. खड्ड्यात आपटून रिमचं वजन गळून पडलं तर थरथर एका क्षणात सुरू होते. ही वजनं पूर्वी शिशाची असत. रस्त्याकडेला गळून ती मातीत आणि पाण्यात मिसळत असल्याने युरोपीय संघाने १ जुलै २००५ पासून प्रवासी गाड्यांवर ती बंद केली. आता तिथे जस्ताची आणि पोलादाची लावतात.

मशिनचा पडदा दोन्ही बाजूंना शून्य दाखवतो आणि तरीही गाडी थरथरते, तेव्हा काय? चाक तोललेलं असूनही अंडाकृती असू शकतं. टायरच्या आतला पट्टा सुटू लागला असेल तर एका जागी तो कडक, दुसऱ्या जागी मऊ असतो; हवेत फिरणाऱ्या चाकात हे दिसतच नाही, कारण तिथे गाडीचं वजन नसतं. १९९० च्या दशकात हंटर कंपनीने फिरत्या टायरवर रूळ दाबून त्याचा रेटा मोजणारं यंत्र आणलं ते यासाठी. अ‍ॅलॉय व्हीलचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल आणि मधली रिंग बसवली नसेल, तर मशिनवर अचूक ठरलेलं चाक गाडीवर किंचित बाजूला बसतं. इथे कितीही वेळा बॅलन्सिंग करा, काही उपयोग नाही.

म्हणून अनुभवी फिटर आधी गाडी चालवायला मागतो, मशिनकडे नंतर वळतो. स्टिअरिंग हलतं की सीट? स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. त्या वेगाला गिअर न्यूट्रल केला आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन सुटलं, शंका चाकांवर. मग पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर जागा बदलून गेली तर दोष चाकात किंवा टायरात. तिथेच राहिली तर हब, डिस्क किंवा सांध्यात. अमेरिकन गॅरेजांत एकेकाळी यासाठी ओळीने पोलादी पाती असलेला मीटर वापरत. प्रत्येक पातं एका ठरावीक लयीला कापे, आणि ज्या पात्याने कंप घेतला त्यावरून चाकाची लय आहे की प्रोपेलर शाफ्टची, ते कळे. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, त्यामुळे दोघांची लय वेगळी पडते. आज मोबाइल फोनमधला संवेदक हेच काम करू शकतो, फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवला तर.

२०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि हलक्या गाड्यांना ताशी १२० ची मुभा मिळाली. वेग ऐंशीवरून एकशेवीसवर, म्हणजे दीडपट झाला की जड बाजूची ओढ सव्वादोनपट होते. त्याच काळात विजेच्या गाड्या वाढू लागल्या. त्या जड असतात, टायरवर जास्त भार देतात, आणि त्यांत इंजिनाची घरघर नसते. जी बारीक थरथर पूर्वी इंजिनाच्या आवाजाखाली झाकली जाई, ती आता चालवणाऱ्याच्या तळहाताला थेट कळते. टायरच्या दुकानात येणारी तक्रारही त्यामुळे बदलली आहे: गाडी नवी, आवाज काही नाही, आणि शंभरच्या पुढे कधीतरी स्टिअरिंगमध्ये मुंग्या येतात.